तीन शब्द जास्त

आमच्या लेखन गटाच्या संयोजक बाईंवर माझा राग आहे. तो गेलेला नाही, आणि हे लिहून जाईल असंही मला वाटत नाही. पण काय झालं ते एकदा क्रमाने सांगायचं आहे. कारण गटावर माझा विषय निघाला की लोक एवढंच म्हणतात, “तो लाखनीचा माणूस फार भांडखोर.” भांडखोर मी आहेच. भांडलो नसतो तर अजून दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये रॉकेलने चेन धूत बसलो असतो.

लाखनीला हायवेला लागून माझं जुन्या मोटारसायकलींचं दुकान आहे. दहावीनंतर शाळा सोडली, सिहोऱ्याजवळचं गाव सोडलं आणि इथे आलो. आज दुकानासमोर पंचवीस-तीस गाड्या उभ्या असतात. वरठीच्या कारखान्यात पाळीला जाणारे कामगार येतात, धान विकून आलेले शेतकरी येतात. सौदा कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नाही, पाहून पाहून कळलं. टाकीवर हात फिरवणारा माणूस गाडी घेतो. टायर दाबून पाहणारा नुसता वेळ काढतो. आणि भाव सांगून झाल्यावर जो आधी बोलला तो हरला. एवढंच माझं शिक्षण.

अशा माणसाला गोष्टी लिहिण्याचा नाद लागला तो बायकोमुळे. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. बुधवारी आणि शनिवारी भंडाऱ्याला डायलिसिस असायचं. सकाळी आठला यंत्राला जोडायचे, बाराला सोडायचे. डाव्या हातात दोन जाड सुया, आणि तो हात चार तास हलवायचा नाही. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम होता, पण मी सिस्टरशी महिनाभर घासाघीस करून पलंगाशेजारी एक स्टूल मिळवलं. त्या स्टुलावर बसून तिच्या नळीतून रक्त जाताना आणि येताना पाहायचं, याशिवाय मला दुसरं काम नव्हतं.

ती बारावी शिकलेली. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय फेकायची नाही. तिच्या एका मैत्रिणीने तिला फोनवरच्या त्या लेखन गटात जोडून दिलं. गटाची रीत अशी होती: शनिवारी सकाळी बरोबर अकराला संयोजक बाई एक शब्द द्यायच्या, आणि साडेअकराच्या आत त्या शब्दावर गोष्ट लिहून गटावर टाकायची. गोष्ट शंभर शब्दांची. नव्याण्णव चालत नव्हते, एकशे एक चालत नव्हते. अकरा ते साडेअकरा म्हणजे ती यंत्राला जोडलेली असण्याची वेळ. उजवा हात मोकळा होता, पण थरथरायचा, आणि फोनवरची अक्षरं तिला धुरकट दिसायची. म्हणून ती सांगायची आणि मी टाइप करायचो.

दोन-तीन शनिवारनंतर मीही माझ्या नावाने लिहू लागलो. खरं सांगतो, मला ते आवडलं. मनात येईल तेवढं आधी लिहायचं, मग एकेक शब्द पाडत शंभरावर आणायचं. शब्दांशी घासाघीसच ती, आणि घासाघीस मला येते. माझी पहिली गोष्ट मेलेल्या भावाची गाडी विकायला आलेल्या माणसाची होती. तिच्यावर संयोजक बाईंनी लिहिलं, “आशय चांगला. भाषा जरा ग्रामीण वाटते. ‘मले’ऐवजी ‘मला’ चाललं असतं.” गोष्टीतला तो माणूस लाखांदूरच्या बाजूचा होता. तो ‘मला’ कशाला म्हणेल? मी उत्तर टाइप करायला लागलो, तेव्हा बायकोने उजव्या हाताने फोनवर तळवा ठेवला.

“राहू द्या जी,” ती म्हणाली. “चांगलं म्हटलं ना त्यांनी? अर्धं ऐकत जाऊ नका.”

“अर्धं चांगलं आणि अर्धं टोचलं. टोचलेलं ध्यानात राहते.”

“तुमच्या गोष्टीत सगळेच माणसं भांडते. एखाद्याले तरी जेवू द्या आधी.”

शेजारच्या पलंगावरचे मास्तर हसले. त्या खोलीत कुणी हसलं की सिस्टरसुद्धा वळून पाहायची.

तिच्या गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. माल ओळखता येत नसता तर मी धंद्यात टिकलो नसतो. मी खूप लिहून मग कापायचो, ती डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहायची आणि मग गोष्ट सांगायची ती जवळपास शंभराचीच निघायची. एखाददुसरा शब्द इकडेतिकडे. कुठला काढायचा तेही तीच सांगायची.

वर्षाच्या शेवटी एक मोठी फेरी असायची. त्यातल्या निवडक गोष्टींचं पुस्तक निघायचं, खरंखुरं छापलेलं. त्या फेरीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं की, तिचं हृदयही आता थकलं आहे, यंत्र फार दिवस साथ देणार नाही. मी आत आलो तर ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. काय म्हणाले, असं तिने विचारलं नाही. परतताना कार भंडाऱ्याबाहेर पडल्यावर म्हणाली, “या वेळची गोष्ट पुस्तकात आली पाहिजे. माहं नाव छापून आलं ते आपल्या लग्नाच्या पत्रिकेतच. तेही तुमच्या नावाच्या खाली.”

मी म्हटलं, “येईल. तुझी नाही येणार तर कोणाची येईल?”

“मी असतानी आली पाहिजे.”

हायवेवर ट्रक फार होते, मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

त्या शनिवारी अकरा वाजता शब्द आला: शिट्टी. तिने डोळे मिटले. यंत्राचा पंप फिरत होता. मला वाटलं, झोपली. मग ती सांगू लागली, आणि मी टाइप करू लागलो. ती गोष्ट तिने सांगितली तशी इथे देतो.

सासूला ऐकू येत नव्हतं. कुकर लावला की ती शेगडीपाशी येऊन बसे आणि विचारे, “झाली का शिट्टी?”

सून पोळ्या लाटता लाटता म्हणे, “होऊन राहिली.”

सासू तिच्या ओठांकडे पाही आणि मान हलवी.

एक दिवस सून दवाखान्यात गेली. परत आली नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घर मोकळं झालं. मुलगा कामावर गेला. सासूने स्वतः तांदूळ धुतले, कुकर लावला आणि समोर बसली.

कुकर ओरडत राहिला. तिला कळलं नाही. तिने सुनेच्या पाटाकडे पाहून विचारलं, “झाली का शिट्टी?”

पाट रिकामा होता.

जळल्याचा वास आला, शेजारीण धावत आली, तिने गॅस बंद केला. “आजी, भात जळला ना!”

म्हातारीने तिच्या ओठांकडे पाहिलंच नाही. पाटाकडे पाहत स्वतःलाच समजावत म्हणाली, “होऊन राहिली बाई, होऊन राहिली.”

‘परत आली नाही’ला माझं बोट थांबलं. ती डोळे मिटूनच होती.

“थांबले काहून? करा ना टाइप. टाइम जाऊन राहिला.”

मी पुढचं टाइप केलं. मग बोटांच्या पेरांवर शब्द मोजले. ‘होऊन राहिली’ तीन वेळा आलं होतं आणि तिन्ही वेळा मी त्याचा एकच शब्द धरला. मुद्दाम नाही. आमच्याकडे ‘होतेय’ कुणी म्हणत नाही, ‘येतोय’ही नाही. येऊन राहिला, जाऊन राहिली, होऊन राहिली, असंच म्हणतात. तोंडातून ते एका दमात निघतं, त्याच्या मधे कुणी श्वास घेत नाही. मोजणी शंभर आली. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी मी माझ्या फोनवरून, तिचं नाव घालून, गोष्ट गटावर टाकली आणि तिला सांगितलं, “शंभर. तू एकही कापायला लावला नाही आज.”

ती हसली. तोंड कोरडं पडलं होतं, ओठ चिकटले होते. पाणी मोजूनच प्यायचं असल्यामुळे मी चमच्याने दोन थेंब दिले.

दोन मिनिटांत बाईंचा संदेश आला: “१०३ शब्द होत आहेत. कृपया ११.३० च्या आत दुरुस्त करून पुन्हा पाठवा.”

मी परत मोजले. शंभर. तसं कळवलं. त्यांनी लिहिलं, “सर, ‘होऊन राहिली’ हे दोन शब्द आहेत. तीन वेळा आलं आहे.”

मी लिहिलं, तो एक शब्द आहे.

त्यांनी लिहिलं, “संगणक दोन मोजतो, सर. ‘होतेय’ केलंत तर नेमके शंभर होतील. अर्थ तोच.”

अर्थ तोच. या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. ‘मले’चा राग वर्षभर आत पडून होता, तो यात येऊन मिळाला. मी टाइप करायला घेतलं. तुमचा ‘होतेय’ एका शब्दात जातो आणि आमच्या बायांना तेवढंच बोलायला दोन लागतात, म्हणजे तुमच्या मापाने आम्ही बोललो की आपोआप जास्त झालो, हे कुठलं माप? भंडाऱ्याची म्हातारी पुण्याच्या बोलीत रडेल का? असं बरंच लिहिलं. त्यांनी लिहिलं, नियम सगळ्यांना सारखाच आहे. मी विचारलं, नियम केला कोणी?

बायको काहीतरी बोलत होती. मला शब्द ऐकू येत होते, पण ते मी घेत नव्हतो. ‘काढा’ म्हणाली, ‘काढून टाका’ म्हणाली. मला वाटलं, तीही ‘होतेय’ करा म्हणते आहे. मी म्हटलं, “तू गप राह. मी पाहतो.”

“माही गोष्ट आहे जी,” ती म्हणाली. “तुमची गाडी नोहे.”

“आज भाव पाडला तर उद्या फुकट मागतील.”

“काका, आवाज खाली,” सिस्टर म्हणाली.

मी आवाज खाली केला आणि टाइप करत राहिलो. बाईंचे संदेश येत होते आणि मी प्रत्येकाला उत्तर देत होतो. दुकानात मी कधीच आधी बोलत नाही, त्या दिवशी बोलतच राहिलो. शेवटी वर पाहिलं तेव्हा फोनवर साडेअकरा होऊन गेले होते. बाईंनी लिहिलं, “वेळ संपली. आलेल्या गोष्टींबद्दल सर्वांचे आभार.” खाली लोकांनी फुलांची आणि हात जोडल्याची चित्रं टाकली.

बायकोने तोंड भिंतीकडे केलं होतं. सुया काढल्यावर तिच्या हातावर कापूस दाबून धरायचं काम माझं असायचं. त्या दिवशी तिने तो स्वतःच दाबून धरला.

संध्याकाळी मी गटावर आणखी दोन संदेश टाकले. रागात माणूस लिहितो तसे. त्यानंतर मला गटातून काढलं. तिला काढलं नाही, तिचं नाव राहिलं.

निवडीची यादी तीन आठवड्यांनी आली. तोवर ती फार खंगली होती, पायावर सूज होती, उशीला टेकूनच बसायची. आमची मुलगी नागपूरला नोकरी करते, ती रजा टाकून आली होती. “वाच,” बायको तिला म्हणाली. मुलीने यादी वाचली. सगळी नावं वाचून झाल्यावर बायको म्हणाली, “अजून एकदा वाच.” मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचली. नाव नाही हे बायकोला माहीत होतं. गोष्ट तिने पाठवलीच कुठे होती? पाठवली होती मी, आणि तीही तीन शब्द जास्तीची. तरी मुलगी दुसऱ्यांदा वाचत असताना तिने हात छातीशी धरला होता.

ती गेली ती बुधवारी. आम्ही भंडाऱ्याला निघालो होतो, गाडीत मागच्या सीटवर मुलीच्या मांडीवर डोकं होतं. साकोलीकडून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती आणि मी हॉर्न वाजवत होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, आता घाई नका करू.” तिने ते इतक्या हळू सांगितलं की मला आधी कळलंच नाही, मी आणखी एकदा हॉर्न वाजवला.

तेरवीनंतर आठ-दहा दिवसांनी संयोजक बाईंचा फोन आला. मुलीने आईच्या फोनवरून गटाला कळवलं होतं. बाई चांगल्या बोलल्या. मी खोटं सांगणार नाही, त्यांचा आवाज जड झाला होता. म्हणाल्या, “सर, पुस्तक अजून छापायला गेलं नाही. त्यांची गोष्ट मला विसरता येत नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे, ती आहे तशीच घेऊ. एकशे तीन शब्द. अपवाद म्हणून.”

म्हणजे मी सांगितलेला भाव त्यांनी पूर्ण दिला होता. समोरचा पूर्ण भाव देतो तेव्हा गाडीची चावी हातात ठेवायची आणि चहा मागवायचा, हे मी आयुष्यभर केलं आहे. पण माझ्या तोंडून निघालं, “आधी गटावर माफी मागा. सगळ्यांसमोर. लिहा की ‘होऊन राहिली’ एकच शब्द आहे आणि तुमची चूक झाली.”

त्या म्हणाल्या, “सर, माफी कशाची? नियम सगळ्यांना सारखाच होता.”

“मग अपवाद कायले करता? मेली म्हणून?”

“तुम्ही दुःखात आहात. आपण नंतर बोलू.”

“मी दुःखात नाही, मी रागात आहे,” असं म्हणून मी फोन ठेवला. दुकानासमोर उभा होतो. एक गिऱ्हाईक गाडीची टाकी चाचपत होतं, त्याला मी उगाच म्हटलं, घ्यायची नसेल तर हात लावू नको. तो निघून गेला.

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“काय म्हणत होत्या?”

“छापतो म्हणे. उपकार करून राहिल्या.”

“आणि तुम्ही?”

“नाही म्हटलं.”

“बाबा, ती गोष्ट तुमची होती का?” एवढंच विचारून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी नागपूरला निघून गेली. नंतर फोनवर बोलायची ते औषधापुरतं आणि जेवणापुरतं.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा पिशवीतून तिने पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. पातळसं होतं. मधे तिच्या आईचं नाव, एकटं, वर खाली कुणाचं नाही. खाली गोष्ट. मला वाटलं, बाईंनी सगळीकडे ‘होतेय’ केलं असणार. आता यावरून काय काय बोलायचं ते वाचायच्या आधीच माझ्या मनात तयार झालं. वाचलं तर तिन्ही ‘होऊन राहिली’ जागच्या जागी होते. मग मी बाईंच्या मापाने मोजले, त्या तिघांचे सहा धरून. शंभर आले. परत मोजले. शंभरच.

“त्यांनी एकशे तीनची सूट दिली होती ना?” मी विचारलं.

“मी फोन करून सांगितलं, सूट नको. शंभर आहेत, घ्या.”

गेलेले शब्द कोणते ते शोधायला मला वेळ लागला. फोनमधली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत गेलो. ‘स्वतः’ गेला होता. शेजारणीने गॅस बंद केला तिथला ‘तिने’ गेला होता. आणि शेवटचा ‘बाई’. बस. म्हातारी तशीच बसली होती, भात तसाच जळला होता, पाट रिकामाच होता. तीन शब्द गेले आणि कुठे काही हललं नव्हतं. खरं तर ‘बाई’ गेल्यावर शेवट जास्त लागत होता.

“हे तू कापले?”

“आईने. त्याच शनिवारी संध्याकाळी मला फोनवर सांगितले. म्हणाली, तुझ्या बाबाले किती वेळा सांगितले हे तीन शब्द काढा म्हणून. पण ते भांडून राहिले होते.”

मी पुस्तक मिटलं. मुलीला म्हटलं, त्या बाईंनी ‘अर्थ तोच’ असं लिहिलं नसतं तर मी तुझ्या आईचं ऐकलं असतं. मला अजूनही तसंच वाटतं. मुलीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या पिशवीत परत ठेवलं.